हा दगड माशांना चालेल का?

मासे विकणाऱ्याने माशांवर लिहावं, अशी संपादकांची अपेक्षा होती. मीही त्याच तयारीने बसलो. दोन पानं झाली, वाचून पाहिली, तर त्यात मला स्वतःलाच काही राम दिसेना. चहाचा कप समोर ठेवता ठेवता आमच्या सौ.नी विचारलं, "दगडांचं लिहिलंत की नाही?" तेव्हा कुठे लक्षात आलं, की दुकान माशांचं होतं खरं, पण माझा वेळ, माझा घसा आणि माझा राग हे सगळं दगडांवरच खर्ची पडलं आहे.

मुळात मी काचवाला. जळगावच्या जुन्या बाजारात, सोनारांच्या दुकानांमागच्या बोळात माझं छोटं दुकान होतं. तसबिरींना चौकटी करायच्या, खिडक्यांना काचा बसवायच्या. ऐंशी सालाच्या आसपास एका गिऱ्हाइकाने मुंबईला पाहून आल्यावर माशांची पेटी करून मागितली. पहिली पेटी त्यांच्या दिवाणखान्यात गळली आणि सतरंजी घेऊन गेली. दुसरी गळली नाही. मग हळूहळू चौकटी मागे पडल्या आणि मी मासेवाला झालो. मासे मुंबईहून रेल्वे पार्सलने प्लास्टिकच्या पिशव्यांतून येत. मे महिन्यात गाडीला उशीर झाला, की पिशवीतल्या पाण्यात चहाची पत्ती टाकायचीच काय ती बाकी असायची. तरीही त्यातले काही पठ्ठे जिवंत निघत, याचं मला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

पेटी म्हटली, की तळाशी वाळू, थोडी झाडं आणि दगड आलेच. दगडाशिवाय पेटी ओकीबोकी दिसते, आणि माशालाही आडोसा लागतो. मुंबईतले दुकानदार दगड विकत. आमच्याकडे दगड विकत घेईल असा माणूस अजून जन्माला यायचा होता. खानदेशात दगड फुकट, आणि दगडही असे की बघत राहावं. आमची जमीन काळ्या खडकाची. त्या खडकात मध्येच पोकळ्या असतात आणि पोकळ्यांत स्फटिक. विहीर खणताना सुरुंग लावला, की एखादी पोकळी फुटायची आणि आतून पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक बाहेर यायचे. गावाकडे त्या सगळ्याला एकच नाव, गारगोटी. बांधावर, ओट्यावर, गोठ्याच्या कोपऱ्यात त्या पडलेल्या असत. त्यामुळे माझ्याकडून पेटी नेलेला माणूस आठवड्याभरात टॉवेलात नाहीतर रिकाम्या तेलाच्या डब्यात काहीतरी घेऊन यायचाच. गल्ल्यावर ठेवायचा आणि विचारायचा, "हा दगड माशांना चालेल का?"

बहुतेक वेळा माझं उत्तर असायचं, नाही.

लोकांना हे उत्तर चमत्कारिक वाटे. नदीत दगडच दगड असतात, तिथले मासे मरतात का, असा त्यांचा बिनतोड सवाल असे. पण नदी वाहते आणि पेटी वाहत नाही. पेटीत जे विरघळतं ते पेटीतच राहतं, आणि माशाला त्यातच श्वास घ्यायचा असतो. दगडात चुन्याचा अंश असला तर पाणी जड होत जातं. आमचं पाणी आधीच एवढं जड, की पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो. त्यात नाजूक मासा आणखी किती सोसणार? गंजासारखे डाग, हिरवे-निळे डाग किंवा धातूसारखी चमक असलेला दगड तर मी गल्ल्यावरही ठेवू देत नसे. काही स्फटिक दिसतात देखणे, पण नखाने खरवडले तरी भुगा देतात. काहींची टोकं सुईसारखी असतात, आणि गोल्डफिशची शेपूट त्यांच्यावर घासली की फाटलीच. माशांना चालणारे दगड बहुतेक साधे असतात. आपला काळा खडक, तापीतले गुळगुळीत गोटे, अस्सल कडक गार, अकीक. म्हणजे ज्याच्याकडे कुणी वळून बघत नाही तोच दगड मी लोकांना घ्यायला सांगत होतो, आणि ज्याच्यासाठी त्यांनी चार मैल पिशवी वाहून आणली तो परत पाठवत होतो. दुकान चालवायची ही काही शहाणपणाची रीत नव्हे.

तपासायची पद्धत मात्र सोपी होती. दगड ब्रशने घासून धुवायचा. काही जण उकळायला निघत, त्यांच्यावर मी ओरडत असे, कारण आत ओल असली तर दगड फुटून अंगावर येतो. मग खिळ्याने थोडा ओरखडायचा आणि त्या जागी लिंबू पिळायचं. फेस आला की त्यात चुना आहे असं समजायचं. लिंबाने समाधान झालं नाही तर मी शेजारच्या विठ्ठलनानांकडे जाई. ते सोनार. सोनं तपासायच्या तेजाबाचा एक थेंब ते माझ्या दगडावर टाकत. "हे तेजाब सोन्यासाठी आहे, तुझ्या धोंड्यांसाठी नाही," असं प्रत्येक वेळी म्हणत, आणि प्रत्येक वेळी देत. एकदा मी त्यांची कसोटी उचलून बघितली आणि म्हणालो, "नाना, हा मात्र माझ्या पेटीत अगदी बिनधास्त चालेल." बापजाद्यांपासून आलेला तो काळा दगड माझ्या हातून काढून घेत नानांनी दिवसभर माझ्याशी अबोला धरला.

धुळ्याचा एक हॉटेलवाला होता. आग्रा रोडवर चांगलं चालणारं हॉटेल, आणि गल्ल्याशेजारी मी करून दिलेली मोठी पेटी. एका फिरत्या विक्रेत्याकडून त्याने गुलाबी आणि निळ्या स्फटिकांचे ढीग घेतले आणि मला न विचारता पेटीत रचले. मग निरोप आला, की मासे रंग सोडताहेत, लवकर या. मी एस.टी.ने गेलो. पेटीतलं पाणी सरबतासारखं झालं होतं. एका गिऱ्हाइकाने ते मागितलंही होतं, असं तिथला वेटर मला गंभीर चेहऱ्याने सांगत होता. स्फटिक रंगवलेले होते, आणि रंग सुटत होता. मालक ऐकायला तयार होईना. "दगड कधी कुणाला मारतो का?" असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, दगड नाही मारत, त्याला जे फासलंय ते मारतं. त्याने थोडा विचार केला, उरलेले मासे मला परत दिले आणि दगड ठेवून घेतले. पुढे कित्येक वर्षं ती पेटी माशांशिवाय, आत दिवा लावलेली, तिथे उभी होती. दिसायची छान, हे कबूल केलं पाहिजे.

त्या हॉटेलवाल्याला दिलेलं उत्तर मी सहज बोलून गेलो होतो. तेच उत्तर पुढे एका म्हाताऱ्या बाईला द्यायची वेळ आली, तेव्हा ते तोंडातून निघता निघेना.

पाइपच्या कारखान्यात नोकरी करणारा प्रकाश नावाचा एक तरुण माझं गिऱ्हाईक होता. त्याचं गाव चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरची केळी. वडील गेल्यावर दोघा भावांत वाटणी झाली. विहीर ज्या तुकड्यात होती तो मोठ्या भावाकडे, भगवानकडे गेला. पाण्याच्या पाळीवरून दोघांत वाजलं आणि बोलणं बंद झालं. प्रकाशने आपला तुकडा वाट्याने दिला आणि जळगावातल्या एका कॉलनीत दोन खोल्यांत संसार मांडला. आई, जिला सगळे अक्का म्हणत, ती त्याच्याकडे आली. येताना तिने एक पत्र्याची ट्रंक आणली आणि एक दगड.

हा दगड विहिरीचा होता. फार वर्षांपूर्वी विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी निघालेला. पाण्याच्या देवतांना आमच्याकडे आसरा म्हणतात. प्रकाशच्या वडिलांनी तो दगड आसरा म्हणून विहिरीच्या काठावर मांडला, आणि तेव्हापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का त्याला तेल-शेंदूर लावत आल्या. इतक्या वर्षांच्या लेपांनी त्याचा एक गुळगुळीत नारिंगी गोळा झाला होता. आत काय आहे हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. गाव सोडताना अक्कांनी तो पदराखाली घेतला. माझ्या हातची पूजा आहे, माझ्याबरोबर येईल, असं त्यांचं म्हणणं. भगवानला ते फार लागलं. विहिरीचा देव नेला, असं तो गावभर बोलला, आणि त्या वर्षी पाणी खाली गेलं तेव्हा त्याचं खापरही त्याने त्यावरच फोडलं.

तर पुढच्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाश दुकानात आला. पेटीतले सगळे गोल्डफिश मेले होते. घडलं ते त्याने सांगितलं. आखाजीला अक्कांनी नेहमीसारखी पूजा केली. दगडाला दुधाने न्हाऊ घातलं, ताजा शेंदूर लावला. पण इथे विहीर कुठली? दगड तर पाण्याचा, सणाच्या दिवशी त्याला पाणी दिसायला हवं. घरात भरलेलं, जिवंत पाणी एकाच ठिकाणी होतं. अक्कांनी हळूच दगड माशांच्या पेटीत ठेवला आणि वरून एक फूल सोडलं. संध्याकाळी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले, सकाळी उलटे तरंगत होते. सुनेच्या तोंडून वैतागात काहीतरी निघून गेलं. देव देव करत काय काय घरात आणून ठेवायचं, असं काहीसं. अक्कांनी ते ऐकलं. तेव्हापासून त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता. आसरा कोपल्या, विहीर सोडून आलेच कशाला, असं म्हणत त्यांनी ट्रंक भरली होती. जाणार कुठे, तर ज्याला दुखवून आल्या त्या मोठ्या मुलाच्या दारात.

"काका, तुम्ही येऊन एवढंच सांगा, की मासे उन्हाने मेले," प्रकाश म्हणाला. "ऊन आहेच ना."

ऊन होतंच. त्या आठवड्यात गावातल्या बऱ्याच पेट्यांत मासे दगावले होते, वीजही सारखी जात होती. मी उन्हाचं नाव घेतलं असतं तर कुणालाही पटलं असतं, मला दुकानातून उठावंही लागलं नसतं. मी त्याला हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्याच्या स्कूटरवर मागे बसलो.

पेटी बघितल्याबरोबर काय झालं ते कळलं. पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि वाळूत शेंदूर उतरला होता. अक्का भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवर टॉवेलात तो दगड, आणि लुगड्यावर शेंदराचे ओले डाग. सून, सुनंदा, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रडून तिचे डोळे सुजले होते. मी अक्कांच्या समोर बसलो. मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं.

"भाऊ, खरं सांगजो. मनामुये मरनात का त्या मासा?"

मी प्रकाशकडे पाहिलं. तो छताच्या पंख्याकडे पाहत होता. खोटं माझ्या ओठावर तयार होतं, आणि ते चांगल्या मनाचं खोटं होतं. पण त्या बाईने मला सरळ विचारलं होतं. शिवाय आज उन्हावर ढकललं असतं, तर पुढच्या आखाजीला तोच दगड पुन्हा पाण्यात गेला असता. तरीही सांगतो, तेव्हा मला फार वाईट वाटत होतं. आपण नको तिथे आलो असं वाटत होतं.

"दगडाने नाही मेले, अक्का," मी म्हणालो. "शेंदराने मेले."

"शेंदूर ते मीच लावा ना," अक्का म्हणाल्या.

मी माझ्या परीने सांगत राहिलो. शेंदरात शिसं असतं, लोखंडाला गंज लागू नये म्हणून कारखान्यात फासतात त्या लाल रंगात असतं तेच. प्रकाशने मान हलवली. तेलाचा थर पाण्यावर पसरतो आणि हवा आत जाऊ देत नाही. कुणी कोपलं नाही, कुणाचा शाप नाही. शेवटी मी म्हणालो, "तुम्ही तो देवाला लावलात, अक्का. पाण्याला ते कळत नाही."

दगडावरून हात फिरवत अक्कांनी गावच्या मारुतीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मारुतीच्या अंगावर शेंदराचा एवढा थर होता, की नाकडोळे दिसत नसत. एका उन्हाळ्यात तो थर आपोआप तडकून गळून पडला. मारुतीने कवच सोडलं, असं सगळे म्हणाले, आणि आत कोरीव मूर्ती निघाली, ती कुणी पाहिलेलीच नव्हती. अक्का मला विचारत होत्या, की देवाला जास्त झालं म्हणजे तो आपणच टाकून देतो ना? मी म्हणालो, तसंच असावं. त्या म्हणाल्या, मग यालाही झालं असेल. तिढा त्यांचा त्यांनीच सोडवला. मी इतकी वर्षं दगड परत पाठवण्यात घालवली, पण एवढा अवघड दगड माझ्यापुढे कधी आला नव्हता, आणि त्यावरचा उपाय मला सुचलेला नव्हता.

मी दुकानात जाऊन विठ्ठलनानांकडून रिठे आणि दागिने धुवायचा मऊ ब्रश आणला. नानांनी बजावलं, की खरवडू नका, कोमट पाण्यात भिजू द्या, तेल आपोआप सुटतं. दुपारभर दगड बादलीत राहिला. अक्का बादलीजवळच बसून होत्या. त्या स्वतः ब्रश हातात घ्यायला धजेनात. सुनंदा पुढे आली, अक्कांना नमस्कार केला, हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून घेतली आणि खाली बसून थर सोडवू लागली. पापुद्रे निघत होते, एकाखाली एक, जुने जास्त काळपट. ते कुठे टाकायचे हा प्रश्न आला. प्रकाश म्हणाला, गिरणेत सोडू, कवच नदीतच सोडतात. मी नको म्हणालो. नदीतले मासे माझे गिऱ्हाईक नव्हते, पण मासेच होते. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. बादलीतलं पाणीही आम्ही मोरीत ओतलं नाही. कॉलनीमागच्या पडीक माळावर खोल खड्डा करून सगळं पुरलं. अक्कांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं.

मग सुनंदाने दगड स्वच्छ पाण्यातून काढला आणि खिडकीत उन्हात ठेवला. मी पुष्कळ गारगोट्या पाहिल्या आहेत. अशी पाहिली नव्हती. काळ्या खडकाच्या तुकड्यावर फिकट हिरवे टोकदार स्फटिक उभे होते, काचेसारखे स्वच्छ, आणि त्यांच्यामध्ये गुलाबीसर स्फटिकांचे झुबके, गव्हाची पेंढी मधोमध बांधावी तसे. प्रकाश नुसता बघत राहिला. त्याने जन्मभर तो नारिंगी गोळाच पाहिलेला.

अक्कांना मात्र ओळख पटली. त्यांनी सांगितलं, की सुरुंग उडाल्यावर विहिरीच्या तळाशी भुयारासारखी पोकळी उघडी पडली आणि तिच्यातून पाणी झिरपू लागलं. त्या पोकळीत मोठ्या माणसाचा हात जाईना. भगवान तेव्हा लहान होता, त्याला दोराने खाली सोडला. त्याने आत हात घालून हा तुकडा ओढून काढला. अक्का काठावर उभ्या होत्या, आणि प्रकाश त्यांच्या कडेवर, तान्हा.

"हाई भगवाननी काढेल शे," अक्का म्हणाल्या. "त्याना बोटले रगत ऊनं व्हतं."

प्रकाशला हे ठाऊक नव्हतं. तो दगडाकडे आणि मग आईकडे पाहत राहिला. मी मुद्दामच उठलो आणि लिंबू मागितलं, कारण खोलीत कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. हिरव्या स्फटिकांच्या मुळाशी पिवळट पांढरी खडीसाखरेसारखी गाठ होती. तिला ओरखडा काढून लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले. शेंदूर गेला तरी चुना होता, आणि शिवाय ती टोकं.

"नाही चालणार पेटीत," मी म्हणालो. हे वाक्य मी रोज म्हणत असे. त्या दिवशी म्हणवत नव्हतं.

अक्का रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मंग याले कोनतं पानी चाली?"

इतक्या वर्षांत दगडाच्या बाजूने हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पाण्यात दगड चालेल का एवढंच सगळे विचारत. प्रकाश अगदी हळू आवाजात म्हणाला, "विहिरीचं."

त्या संध्याकाळी अक्का जेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधीच प्रकाश माझ्या घरी हजर. अक्कांचं म्हणणं होतं, की आपल्या हातून मासे मेले, तर आपल्या हाताने जिवंत पाण्यात मासे सोडायचे. विहिरीत कोणते मासे जगतील? मी गप्पी दिले. चिवट मासा, डासांची अंडी-अळ्या खातो, हिवताप खात्याचे लोकही विहिरींत तोच सोडत. आणि त्याला जड पाणी मानवतं. ती विहीर तर चहूबाजूंनी त्याच खडकाची, तिच्या पाण्यात चुना आधीपासून मुरलेला. पण मासे एकदम ओतून चालत नाहीत. पिशवी तशीच पाण्यात तरंगत ठेवून आतलं-बाहेरचं पाणी सारखं होऊ द्यावं लागतं. हे प्रकाशला नीट समजावलं. तो म्हणाला, काका, तुम्हीच चला ना. मला वाटतं त्याला माशांपेक्षा दुसरीच धास्ती होती. मी गेलो.

चोपड्याची एस.टी. तापीच्या पुलावरून गेली तेव्हा अक्कांनी मांडीवरचा टॉवेल उलगडून दगडाला नदी दाखवली, आणि पुन्हा गुंडाळला. गावापासून शेतापर्यंत चालत गेलो. दोन्ही बाजूंनी केळी, मध्ये विहीर, आणि विहिरीजवळ पंपाची खोली. भगवान खोलीच्या दारात काहीतरी दुरुस्त करत बसला होता. आम्हाला बघून तो उठला, पण जागचा हलला नाही. प्रकाश छातीशी माशांची पिशवी धरून बांधावरच थांबला. दोघांमध्ये वीसेक पावलं असतील. अक्का कुणासाठी थांबल्या नाहीत. सरळ विहिरीच्या काठावर गेल्या, दगड जिथे वर्षानुवर्षं मांडलेला असे त्या रिकाम्या जागेशेजारी बसल्या आणि टॉवेल उघडला.

भगवान आला. बहुतेक जाब विचारायला आला असावा, चेहरा तसाच होता. मग त्याने दगड पाहिला. वाकून पाहिला. नारिंगी गोळा घेऊन गेलेली आई हे काय घेऊन आली, हे त्याला पहिल्यांदा उमगलं नाही. आणि मग उमगलं. उजव्या हाताचं पहिलं बोट तो अंगठ्याने चोळत राहिला. मी जवळ होतो, त्या बोटावरचा जुना वण मला दिसला. प्रकाश बांधावरून चालत आला आणि भावाच्या शेजारी, हातभर अंतर ठेवून उभा राहिला. पिशवीतले गप्पी उन्हात चमकत होते.

भगवानने पिशवीकडे पाहिलं. भावाकडे पाहायचं टाळण्यासाठी पाहिलं असेल.

"इहीरमा सोडाना शेतस का?" त्याने विचारलं.

"हो," प्रकाश म्हणाला. "हाऊ दगड बी."

भगवान पुन्हा दगडाकडे वळला. मग त्याने भावाला तो प्रश्न विचारला, जो मला गल्ल्यावर बसून असंख्य वेळा ऐकावा लागला होता.

"मंग हाऊ दगड त्यास्ले चाली का?"

प्रकाशने माझ्याकडे पाहिलं. लिंबावरचे बुडबुडे त्याने कालच पाहिले होते, माझं उत्तरही ऐकलं होतं. अक्कांनीही मान वर केली.

"चालेल," मी म्हणालो. "हा इथलाच आहे."

भगवान पंपाच्या खोलीत गेला आणि दोर घेऊन आला. टॉवेलाची झोळी करून त्याने दगड तीत बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग विहिरीच्या काठावर उभं राहून त्याने दोराचं दुसरं टोक प्रकाशच्या हातात दिलं.